‘ये रे ये रे पावसा’ : ओठांचा तक्ता पूर्ण, पाऊस ठेक्यावर

‘ये रे ये रे पावसा’च्या ॲनिमेशनचे काम आता अशा टप्प्यावर आले आहे की आठही चरणांचा ॲनिमॅटिक (कच्च्या चित्रांची ध्वनीला जुळवलेली फीत) ध्वनीसह सलग पाहता येतो, पहिल्या चार चरणांचे लिपसिंक (ओठांची हालचाल शब्दांशी जुळवणे) झाले आहे आणि पावसाचे चक्र, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी चित्रमाला, पक्के बसले आहे. बरेचसे रंगकाम आणि मडके वाहून जाण्याचा प्रसंग बाकी आहे. या वेळी मुख्यतः ओठांविषयी लिहितो, कारण मराठी बडबडगीते ॲनिमेट करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रश्न पडतो आणि त्याचे तयार उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरबरोबर मिळत नाही.

आधी ठेक्याचा हिशेब मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. सेकंदाला २४ फ्रेम (एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रे) धरल्या तर मिनिटाला १४४० फ्रेम होतात आणि मिनिटाला ९० ठोके असा ठेका ठेवला तर एका ठोक्याला बरोबर १६ फ्रेम येतात. १६ हा आकडा मुद्दाम निवडला आहे : अर्धा ठोका ८ फ्रेमचा, पाव ठोका ४ फ्रेमचा, आणि एक चित्र दोन फ्रेम टिकवण्याची आपली नेहमीची रीतही त्यात चपखल बसते. प्रत्येक चरणात चार ठोके आहेत. ‘ये रे’, ‘ये रे’, ‘पाव’, ‘सा’ अशी त्यांची वाटणी होते, म्हणून एक चरण ६४ फ्रेमचा आणि आठ चरण मिळून ५१२ फ्रेमचे, म्हणजे एकवीस सेकंदांहून थोडे अधिक. गीत निनावी आणि परंपरेने आलेले असले, तरी बाजारातल्या ध्वनिमुद्रणांवर आणि त्यांच्या संगीतयोजनेवर त्या-त्या निर्मात्यांचा हक्क असतो, म्हणून ते बहिणीच्या आवाजात घरीच मुद्रित केले. गाताना तिच्या कानात मिनिटाला ९० ठोके देणारा क्लिक (ठेका दाखवणारी टिकटिक) चालू होता आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त सुरुवात-शेवट छाटावे लागले.

आता ओठ. ऱ्हुबार्ब लिप सिंक हे ध्वनीवरून तोंडाचे आकार ठरवून देणारे मुक्त साधन आपल्यापैकी अनेकजण वापरतात. त्याची मूळ ओळखपद्धत इंग्रजी शब्दांवर बेतलेली आहे, आणि इतर भाषांसाठी त्यात ‘फोनेटिक’ नावाची वेगळी पद्धत दिलेली आहे. ती कच्च्या आराखड्यासाठी उपयोगी पडते. परंतु बडबडगीतात प्रत्येक अक्षर सुटे, ठसठशीत आणि ठोक्यावर येत असल्यामुळे हाताने केलेले काम तिच्यापेक्षा कितीतरी सरस ठरते, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी लागणारा तक्ता आपल्या वर्णमालेतच आहे. कवर्गापासून पवर्गापर्यंतची मांडणी कंठाकडून ओठांकडे येते. ॲनिमेशन करणाऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की कंठ्य वर्ण तोंडावर जवळजवळ दिसतच नाहीत आणि ओष्ठ्य वर्ण पूर्णपणे दिसतात. ‘मडके’तला क किंवा ‘खोटा’तला ट यांच्यासाठी मी वेगळे तोंड काढलेलेच नाही. तिथे पुढच्या स्वराचे तोंड थोडे आधी येते, इतकेच. प, ब, भ, म मात्र ओठ पूर्ण मिटल्याशिवाय पटत नाहीत, आणि हे गीत तर प-म नेच भरलेले आहे : पावसा, पैसा, पाऊस, मोठा, माझे, मडके, भरी.

अखेरीस आठ तोंडे पुरली : मिटलेले, खालचा ओठ वरच्या दातांना लागलेले, दात जुळलेले (स आणि इ), जिभेचे टोक दिसणारे (त, द, न, ल), अर्धे उघडे (अ, ए), पूर्ण उघडे (आ), गोल (ओ) आणि चंबूसारखे (उ). ‘पैसा’तला ‘पै’ जवळून पाहण्यासारखा आहे. तो पूर्ण ठोका व्यापतो, म्हणजे त्याच्या वाट्याला १६ फ्रेम येतात. पहिल्या दोन फ्रेम ओठ मिटलेले, पुढच्या आठ अर्धे उघडे आणि उरलेल्या सहा फ्रेममध्ये ‘इ’कडे झुकलेले, अशी वाटणी केल्यावर आवाज बंद करूनही ‘पैसा’ ओळखू येतो. मिटलेले ओठ एका फ्रेममध्ये उरकले तर डोळ्यांना ते जाणवत नाहीत, आणि ते ध्वनीच्या एक-दोन फ्रेम आधी मिटले तरच नैसर्गिक वाटतात.

व चे मात्र दोन प्रकार करावे लागले. ‘वाहून’मधल्या आरंभीच्या व ला खालचा ओठ दातांजवळ जातो, तर ‘पावसा’ आणि ‘धावून’ यांमधला व बोलताना ओठ नुसते गोल होतात आणि दातांचा संबंध येत नाही. दोन्हीकडे एकच तोंड वापरल्यास ‘पावसा’ परक्या माणसाने म्हटल्यासारखा दिसतो. ज्यांच्याकडे जुने तयार तक्ते आहेत त्यांनी एवढी एक दुरुस्ती जरूर करून पाहावी.

ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ही आठही चित्रे ग्रीज पेन्सिल या त्याच्या रेखाटन-साधनाच्या एकाच ऑब्जेक्टमध्ये पहिल्या आठ फ्रेमवर काढून ठेवली आहेत. त्यावर टाइम ऑफसेट मॉडिफायर (कोणत्या फ्रेमचे चित्र दिसावे हे ठरवणारी सोय) ‘फिक्स्ड फ्रेम’वर लावला की केवळ एका आकड्याला कीफ्रेम देऊन, म्हणजे ठरावीक क्षणी त्याची किंमत नोंदवून, तोंड बदलता येते. त्या कीफ्रेमचे इंटरपोलेशन (दोन नोंदींमधला बदल कसा व्हावा ते) ‘कॉन्स्टंट’ ठेवणे आवश्यक आहे, अन्यथा तिसऱ्या तोंडावरून सातव्यावर जाताना मधली सगळी तोंडे झरझर दिसून जातात.

ओठांवर एवढे श्रम कशासाठी, असे कोणी विचारील. डेव्हिड ल्युकोविच आणि एमी हॅन्सन-टिफ्ट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान बाळाचे लक्ष बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडून तोंडाकडे वळू लागते. त्या वयाच्या बाळाला पडदा दाखवावा असा याचा अर्थ मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांच्या मुलांसाठीही दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे आणि त्याहून लहानांसाठी पडदा नकोच. पण जे मूल त्या मर्यादेत आपले गीत पाहणार आहे, त्याला दिसणारे तोंड खरे मराठी बोलणारे असावे, याची मला मनापासून काळजी वाटते. सतत नुसते उघडमीट करणारे तोंड लावून गीते उरकली जातात, ते मला पटत नाही.

पावसाचे चक्र आठ चित्रांचे आहे, म्हणजे १६ फ्रेमचे, त्यामुळे ते दर ठोक्याला पूर्ण होते. घर मंगलोरी कौलांचे आणि जांभ्याच्या भिंतीचे घेतले आहे, कारण कौलांच्या पन्हळींतून पडणाऱ्या पागोळ्या समान अंतरावर असतात आणि त्यांचे थेंब एकाआड एक ठोक्यावर पाडता येतात. सरींच्या रेघा पुसट ठेवून पागोळ्यांना जाड रेघ दिली. फोनच्या छोट्या पडद्यावर पाऊस आहे हे त्या पागोळ्यांवरूनच कळते.

पैशासाठी मी १९४३ ते १९४७ या काळात पाडलेला भोकाचा पैसा निवडला. मधल्या भोकामुळे तो दोन सेंटिमीटरच्या चित्रातही ओळखता येतो आणि त्या भोकातून पलीकडचा पाऊस दाखवता येतो. ‘खोटा’ या शब्दावर मुलगी तो पायरीवर आपटते आणि खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज येतो. नाणे वाजवून पारखण्याची ही रीत आजच्या मुलांनी पाहिलेली नसली, तरी दोन आवाजांतला फरक त्यांना ऐकू येईल, म्हणून ‘देतो’च्या वेळी तोच पैसा बोटांनी उडवताना खणखणीत नाद आधी दिला आहे.

यानंतर ‘सर आली धावून’ हा चरण घ्यायचा आहे. तिथे मडके भरून कलंडते आणि अंगणातल्या ओहोळात जाते. कलंडणे ‘धा’च्या ठोक्यावर ठेवावे की ‘वून’च्या, हे ॲनिमॅटिकमध्ये दोन्ही प्रकारे करून ठेवले आहे. माझा कल ‘वून’कडे आहे, कारण ओठ तेव्हा गोल असतात आणि मुलीच्या चेहऱ्यावर आश्चर्य वेगळे काढावेच लागत नाही. यूट्यूबवर मुलांसाठीच्या व्हिडिओंखाली जानेवारी २०२० पासून प्रतिक्रिया बंद असतात, त्यामुळे प्रकाशनापूर्वीच ही दोन्ही रूपे तुम्हा मंडळींपुढे ठेवीन. आठ तोंडांची ब्लेंड फाइलही त्यासोबत देईन. ती कोणीही आपल्या गीतासाठी वापरावी आणि बदलावी.