अर्धा किलो मिठाई आणि नऊ नंबरचे बूट

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यात आपलेपणाचा विषय निघाला की शेठला शनिवारची शेव-उसळ आणि दिवाळीची मिठाई आठवते. त्यातही पर्मनंट माणसाला एक किलो, ठेकेदाराच्या माणसाला अर्धा. वर्षभराचं केलंसवरलं त्या अर्ध्या किलोत वाहून जातं. परवडत नसेल तर सगळ्यांनाच अर्धा द्या.

खरी गोष्ट पहिल्या दहा दिवसांत घडते. नवा हेल्पर येण्याआधी गेटपास, लॉकरची किल्ली आणि सेफ्टी शूज तयार हवेत. गेटपासवर त्याचं स्वतःचं नाव हवं, नुसतं ठेकेदाराचं नको. बुटाचं माप भरतीच्याच दिवशी विचारा. सात नंबरच्या पायात स्टोअरमधले उरलेले नऊ नंबर चढवले की माणूस घसरतो, आणि 'तुझी इथं कुणी वाट पाहत नव्हतं' हेही त्याला न बोलता कळतं.

त्याला एक जोडीदार नेमून द्या. जोडीदार सुपरवायझर नको, कारण त्याला मूर्ख प्रश्न विचारायची हिंमत होत नाही. त्याच शिफ्टचा, त्याच कामाचा, वर्ष-दोन वर्षं जुना माणूस बरा. इथं बहुतेकांची चूक होते ती टार्गेटमध्ये. जोडीदाराचं टार्गेट तेच ठेवलं तर शिकवण्यात गेलेला वेळ त्याच्या इन्सेंटिव्हमधून कापला जातो, मग नवा माणूस त्याला लोढणं वाटतो. पहिला आठवडा टार्गेट पाचव्या हिश्शानं कमी करा, इन्सेंटिव्ह पूर्ण द्या.

जेवणाचं बघा. 1948च्या कारखाने कायद्यात कँटीनची सक्ती 250हून जास्त कामगारांच्या कारखान्यांवर होती. लहान युनिटवर ती नव्हतीच, म्हणून डबे मशीनशेजारी, गाववाल्यांच्या घोळक्यात उघडतात. चार छोट्या टेबलांऐवजी दोन लांब बाकं टाका. छोटं टेबल एकाच गावानं भरतं, लांब बाकावर कुणीतरी परका शेजारी येतोच.

भाषेबद्दल आपल्याच लोकांना सांगायला हवं. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारची मराठी मंडळी सुपरवायझर असली की आपसात मराठीत बोलतात, शेठशी गुजरातीत, आणि ओडिशाचा वेल्डर दोघांच्या मध्ये तोंड बघत उभा. गप्पा हव्या त्या भाषेत मारा, पण कामाची सूचना, चूक दाखवणं आणि शाबासकी हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळेल अशी.

सगळ्यात जास्त कडवटपणा रजेवरून येतो. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि बिहार-यूपीवाल्यांच्या छठ सणाच्या गाड्या लगेच भरतात. म्हणून छठची रजा 75 दिवस आधी मंजूर व्हायला हवी. 'बघू' म्हणत ठेवलं तर माणूस तिकीट काढून न सांगता निघून जातो, आणि आपण त्यालाच बेभरवशाचा ठरवतो. छठला गुजराती-मराठी माणसांनी शिफ्ट सांभाळली, तर 14 आणि 15 जानेवारीला त्यांना पतंगासाठी सोडायची पाळी बिहार-यूपीवाल्यांची. संक्रांत त्यांचीही असते, तेव्हा त्या दुपारी कारखान्यातच खिचडी शिजवा. ही अदलाबदल रजिस्टरात लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी ठेवली तर सुपरवायझर बदलला की कुणालाच आठवत नाही.