तुम्ही विचारलंत म्हणून: एलएलबीच्या आधी ते बी.ए. कशाला?

जून-जुलै आला की माझ्या ऑफिसात पक्षकारांपेक्षा पालकच जास्त येतात. बारावीचा निकाल लागलेला असतो, पोराने किंवा पोरीने लॉची सीईटी दिलेली असते आणि आईवडलांचा प्रश्न ठरलेला, "मॅडम, वकीलच व्हायचंय तर ते राज्यशास्त्र, लॉजिक, समाजशास्त्र कशाला? सरळ कायदा का नाही शिकवत?" गेल्या आठवड्यात मावशीनेही फोनवर हेच विचारलं, तिच्या जावेच्या मुलीसाठी, मी कुकर लावत होते म्हणून "नंतर सांगते" म्हटलं. तर मावशी, हे घे नंतर.

आधी हिशोब सांगते, कारण सगळ्यांच्या मनात तोच असतो. बारावीनंतर पाच वर्षांचा बी.ए. एलएलबीचा एकत्र कोर्स, नाहीतर आधी ग्रॅज्युएशन आणि मग तीन वर्षांचं एलएलबी म्हणजे सहा. एक वर्ष वाचतं. मीपण त्याचसाठी घेतला, खोटं कशाला बोलू. आमच्या वेळी पुणे विद्यापीठात त्याला बीएसएल एलएलबी म्हणायचे. सुरुवातीच्या वर्षांत राज्यशास्त्राचे पेपर, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, लॉजिक, इंग्लिश, जोडीला थोडा कायदा. तत्त्वज्ञान नावाचा वेगळा विषय नव्हता, ते लॉजिकमध्ये, राज्यशास्त्रातल्या हॉब्ज-लॉक-रूसो या विचारवंतांमध्ये आणि पुढे ज्युरिसप्रुडन्समध्ये, म्हणजे कायद्यामागच्या तत्त्वविचारात, असं वाटून टाकलेलं. आणि शिकवलं कसं म्हणाल तर एक सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायचे, मध्येच "नेक्स्ट पॅरा" असंही वाचायचे. हॉब्जचा पेपर मी परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडवर काढला. अर्थशास्त्रातलं तर आज काहीही आठवत नाही.

म्हणजे कायदा, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान हे तिन्ही विषय आपापल्या खोल्यांत दार लावून बसलेले, त्यांची एकमेकांशी ओळख कुणी करून दिलीच नाही. ती झाली चौथ्या वर्षी, एका केसमुळे, आणि ती केस आपल्याकडचीच होती.

मथुरा केस. २६ मार्च १९७२, देसाईगंजचं पोलीस स्टेशन, आज गडचिरोली जिल्ह्यात येतं, तेव्हा चंद्रपूर. मथुरा नावाची एक आदिवासी मुलगी, चौदा ते सोळा वर्षांची, आरोप बलात्काराचा आणि आरोपी दोन पोलीस. सेशन कोर्टाने दोघांना सोडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टाने परत सोडलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती होती असं धरून. सप्टेंबर १९७९ मध्ये चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार.

ट्युटोरियलला मॅडमनी हायकोर्टाचं आणि सुप्रीम कोर्टाचं, दोन्ही निकालपत्रं समोर ठेवली आणि विचारलं, पुरावा तोच, साक्षीदार तेच, कायद्याचं कलमही तेच, मग निकाल उलटा का? आम्ही पंधरा मिनिटं कलमंच चाळत बसलो. उत्तर कलमात नव्हतंच. भीतीने गप्प राहणं आणि हो म्हणणं या दोन गोष्टी एक की वेगळ्या, यावर सगळं अडलेलं. हायकोर्ट म्हणालं वेगळ्या, सुप्रीम कोर्टाने तो फरक मानला नाही, आणि त्या पत्राने बोट ठेवलं ते तिथेच. आता 'संमती म्हणजे काय' हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न झाला, नाही का? पण तो पोलीस स्टेशनात, रात्रीच्या वेळी, एका गरीब आदिवासी मुलीला लावायचा म्हटला की सत्ता कुणाच्या हातात होती हे विचारावंच लागतं, तिथे राज्यशास्त्र आलं. मग ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्कारात बाई संमती नव्हती म्हणाली तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं असं ठरलं. आणि निव्वळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरता येणार नाही, हे वाक्य कायद्यात यायला २०१३ उजाडलं. एका शब्दाच्या अर्थाला एकेचाळीस वर्षं.

त्या दिवशी हॉस्टेलवर जाऊन मी हॉब्ज परत काढला. या वेळी गाइड नाही.

तर मावशी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की या विषयांनी कायदा जास्त येतो असं काही नाही. समोर आलेला प्रश्न मुळात कसला आहे ते ओळखता येतं, पुराव्याचा, शब्दाच्या अर्थाचा, का नुसता ताकदीचा. तीन वर्षांच्या एलएलबीवाल्यांना हे येत नाही असं मी म्हणत नाहीये, माझे सिनियर बी.कॉम. होते आणि त्यांच्याइतकं बारीक डोकं मी पाहिलेलं नाही. पण त्यांना तिथे पोचायला वीस वर्षं प्रॅक्टिस लागली असं तेच सांगायचे.

लॉजिकचंही सांगते. चोरी करणाऱ्याकडे काळी मोटरसायकल होती, आरोपीकडे काळी मोटरसायकल आहे, सबब आरोपी चोर, असली ओळ मी दोषारोपपत्रात खरोखर वाचलीय. आम्ही एफवायला असला तर्क तपासायला एकमेकांत अडकलेली वर्तुळं काढायचो. कोर्टात वर्तुळं काढता येत नाहीत, नुसतं विचारायचं की तालुक्यात काळ्या मोटरसायकली किती.

आणि जे शिकवत नाहीत तेही ऐक. दावा कसा लिहायचा, मुदतीचा अर्ज कसा द्यायचा, कोर्टाच्या नोटिसा बजावणाऱ्या बेलिफाशी कसं बोलायचं, यातलं काहीही कॉलेजात येत नाही. पहिली दोन वर्षं सिनियरच्या फायली उचलायच्या, मला महिन्याला चार हजार मिळायचे आणि तेही सिनियरना आठवलं तर. घरी पैशाची घाई असेल तर हे आधी सांगा पोरीला, हॉब्जचं नंतर.

परवाचीच गोष्ट. पलीकडच्या गावचे एक काका आले, धोतर, हातात सातबाऱ्याची पिशवी. शेजाऱ्याने शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकलेला. मी विचारलं, कधी नांगरला? म्हणाले, दिवाळीच्या आधी. मी बोटांवर मोजलं, आठ महिने. मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५, तहसीलदाराकडे जायचं तर सहा महिन्यांच्या आत. म्हटलं काका, ते दार बंद झालं. काका बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "बाई, माझ्या बापापासनं बैलगाडी जातीया तिथनं. पन्नास वर्साचा रस्ता सा महिन्यात कसा काय जातो?"

हाच प्रश्न ज्युरिसप्रुडन्सच्या व्हायव्हाला मला विचारला होता, शब्द वेगळे. काळ गेल्याने हक्क तयार का होतो आणि बुडतो का? तेव्हा मी पाठ केलेलं उत्तर दिलं होतं आणि मार्कही मिळाले होते. काकांना ते उत्तर देऊन बघितलं, की लोकांनी वेळेत भांडावं, जुनी भांडणं कायमची उकरत बसू नयेत वगैरे. काकांनी मान हलवली पण पटलं नाही ते दिसत होतं. कारण उशीर झाला होता तो शेजाऱ्याचा मेव्हणा पंचायत समितीवर म्हणून, तलाठी आज या उद्या या करत राहिला म्हणून. मुदतीच्या कायद्याला मेव्हणा दिसत नाही.

पण १८८२ चा सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्यासारख्या हक्कांचा, कायदा आहे. हक्क म्हणून, उघडपणे, खंड न पडता वीस वर्षं रस्ता वापरला असेल तर तो हक्कच होतो, आणि वापर थांबल्यापासून दोन वर्षांच्या आत दिवाणी कोर्टात जाता येतं. म्हणजे एका कायद्यात काळ काकांच्या विरोधात आणि दुसऱ्यात त्यांच्या बाजूने. हे सांगितलं तेव्हा काका पहिल्यांदा हसले, म्हणाले मग हे आधी का नाही सांगितलं.

दावा दाखल केलाय. गावातला सगळ्यात म्हातारा गाडीवान साक्षीदार, वय पंच्याऐंशी, ऐकू कमी येतं. पुढची तारीख बावीस.