सादळलेला ट्रेसिंग पेपर आणि जानेवारीचा मुहूर्त

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माझं ड्राफ्टिंगचं सामान राहतं चिऱ्याच्या जुन्या घरात. जुन्या घरांचे नकाशे मी अजून हातानेच काढतो, त्यामुळे कागद जपण्याला पर्याय नाही.

ट्रेसिंग सगळ्यांत आधी सादळतो. जुलैत रात्रभर टेबलावर राहिलेल्या शीटवर सकाळी सेट स्क्वेअर ठेवून बघा, कडेखालून उजेड दिसतो. कागद दोन्ही दिशांनी सारखा फुगत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. म्हणजे लांबी जुळली तरी रुंदी दगा देते. कायम जपायचे नकाशे म्हणूनच मी पॉलिएस्टर फिल्मवर काढतो. महाग पडते, पण माप सोडत नाही.

पहिला उपाय सगळे सांगतात तोच: लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. आर्द्रतामापक आत ठेवला तर काटा ढिम्म हलेना. कपाटाच्या फटींतून बाहेरची हवा येतच राहते. पुड्यांनी किती शोषायचं? मग शीटसाठी रबरी कड असलेले प्लास्टिकचे डबे आणले आणि रोलसाठी प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना टोपणं. जेल खरं काम करतं ते इथे. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली की झालं. पासष्टच्या वर गेली की बुरशीला आमंत्रण.

भरायचं कधी, हा खरा प्रश्न. आमच्याकडे बेगमीची सगळी कामं मे महिन्यात. पण मेमध्ये अंगण तापलं तरी वारा समुद्राचा, चिकट. ती दमट हवा डब्यात कोंडून काय उपयोग? कोरडी हवा मिळते जानेवारीत, म्हणून मी तेव्हाच भरतो. रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळीही ओल धरते, ती आधी काढून सुकवायची. सावलीत, उन्हात कागद पिवळा पडतो.

जेल नारिंगी घ्या. ओल प्यायलं की हिरवं होतं, मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवलं की परत कामाला तयार. निळ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात नको.

पावसात डबा उघडला तर त्या दिवसापुरती शीट काढून लगेच बंद. पेन्सिलीचं लेड आणि बाटलीतल्या शाईला दमट हवेचं सोयरसुतक नाही, ती बाहेरच असतात. कंपासचे स्क्रू मात्र गंजतात, त्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब.