चहाचा रंग आणि कॅफीनचा हिशेब

टपरीवर ‘जरा कडक दे’ म्हटलं की चहावाला पातेलं दोन-तीन मिनिटं जास्त उकळतो. चहा लालभडक होतो, जीभ आवळते आणि पिणाऱ्याला वाटतं, आता झोप उडणार. पण झोप उडवणाऱ्या कॅफीनला रंगच नसतो. लाली आणि तुरटपणा येतो तो पत्तीतल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे. आपल्याकडे चालते ती सीटीसी पत्ती, बारीक दाण्याची. उकळत्या पाण्यात तिच्यातलं बहुतेक कॅफीन पहिल्या तीन-चार मिनिटांतच उतरतं. त्यापुढे उकळत राहिलं की वाढतो तो मुख्यतः तुरटपणा. जुन्या चोथ्यावर पाणी ओतून पुन्हा उकळलेला चहा दिसायला तेवढाच कडक असतो, पण त्यात कॅफीन अगदी थोडं उरलेलं असतं. दुधाने कॅफीन मरतं हाही गैरसमजच. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात म्हणून चहा मऊ लागतो, कॅफीन जिथल्या तिथे राहतं.

म्हणून मोजायची ती पत्ती. सुक्या पत्तीत वजनाच्या साधारण 2 ते 4 टक्के कॅफीन असतं. सपाट चमचा सुमारे 2 ग्रॅमचा धरला आणि कॅफीन 3 टक्के धरलं, तर 60 मिलिग्रॅम होतात. थोडं चोथ्यात राहतं, म्हणजे कपात 50 च्या आसपास येतं. शिगोशीग भरलेला चमचा असेल तर हाच आकडा दीडपट होतो. टपरीचा कटिंग ग्लास लहान, त्यात 20 ते 30 मिलिग्रॅम धरायला हरकत नाही.

चमचे मोजायचा कंटाळा असेल तर पुड्यावरून हिशेब लावा. पाव किलोचा पुडा फोडला त्या दिवशी त्यावर तारीख टाका. चौघांच्या घरात तो दहा दिवसांत संपला, तर रोजची 25 ग्रॅम पत्ती झाली, माणशी सव्वासहा ग्रॅम. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात घरच्या चहातूनच रोज 150 ते 190 मिलिग्रॅम कॅफीन जातं. बाहेरचे कटिंग यात धरलेले नाहीत, आणि खरी गडबड तिथेच असते, कारण ते कोणी मोजत नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 आणि एका वेळी 200 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानलं. गरोदर बाईसाठी दिवसभराची मर्यादा 200 आहे. मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे 3 मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या पोराला 60. खारी बुडवायला दिलेला एक कप त्याला जवळजवळ पुरतो.

आता घड्याळ. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं. ते आपल्या खाचेत बसलं की पेंग येते. कॅफीन त्याच खाचा अडवून बसतं. साठा मात्र मागे वाढतच असतो, म्हणून चहा उतरला की झोप एकदम अंगावर येते. चहा प्यायल्यावर अर्ध्या ते एक तासात रक्तातलं कॅफीन सर्वांत जास्त होतं आणि पुढे साधारण पाच तासांनी निम्मं उरतं. संध्याकाळी पाचला दोन कप, म्हणजे 100 मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री दहाला 50 आणि पहाटे तीनला 25 शिल्लक.

हा पाच तासांचा आकडा सगळ्यांना सारखा नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो पंधरा तासांपर्यंत जातो. गर्भनिरोधक गोळ्यांनी साधारण दुप्पट होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफीन भराभर फोडतं. हे काम धुराचं, निकोटीनचं नव्हे. त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याला किंवा मिश्री लावणाऱ्या बाईला हे लागू नाही. विडी सोडलेल्या माणसाला नेहमीच्याच चहाने धडधडायला लागतं, झोप उडते, आणि दोष मात्र विडी सोडण्यावर जातो. विडी सोडताना चहाही निम्मा करावा.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित उलटं. सकाळी आठला सुटून नऊला झोपायचं असेल तर शेवटचा चहा रात्री दोन-तीनच्या आत. पहाटे पाचचा चहा पाळी काढून देतो, पण दिवसाची झोप खातो. पाळीच्या सुरुवातीला एकदम दोन ग्लास ढोसण्यापेक्षा दोन-दोन तासांनी कटिंग बरा. पाळीतल्या मधल्या सुटीत चहा घेऊन लगेच वीस मिनिटं डोळा लावला, तर उठेपर्यंत कॅफीन चढायला लागलेलं असतं.

भाकरीबरोबर चहा ही सवय मात्र वाईट. ज्वारी, मेथी, डाळ यांतलं लोह टॅनिनमुळे नीट शोषलं जात नाही. रक्त कमी असलेल्या बायकांनी जेवण आणि चहा यांत किमान एक तास ठेवावा, लोहाची गोळी चहासोबत कधीच घेऊ नये. ताटात लिंबू पिळलं तर लोह जास्त लागू पडतं. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. रिकाम्या पोटी चहाने पित्त उसळतं, कारण कॅफीन जठरातलं आम्ल वाढवतं. उन्हाळ्यात चहाने अंगातलं पाणी आटतं असं म्हणतात. रोज पिणाऱ्यात तसं फारसं होत नाही, पण बेचाळीस डिग्रीत तहानेला पाणीच हवं.

चहा एकदम बंद केला की साधारण 12 ते 24 तासांत डोकं ठणकायला लागतं, दुसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवडाभर थोडंफार राहू शकतं. कडक उपासाला किंवा रोजाच्या पहिल्या दिवसांत डोकं दुखतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, भूक नव्हे. आठ-दहा दिवस आधीपासून दर तीन दिवसांनी पत्ती पाव चमच्याने कमी करत जावी. पातेल्यात पाणी-दूध तेवढंच राहू द्यावं, आलं थोडं वाढवावं. घरात कोणाला फारसं कळत नाही. डोकेदुखीची गोळी घेण्याआधी पाकिटावरची घटकांची यादी वाचावी, काही गोळ्यांत कॅफीनच असतं.