डुरियनचा डिंक्या

मी मूळचा वरुडचा. संत्र्यात वाढलो आणि पोटापाण्यासाठी मलेशियात, पाहांगमधल्या डुरियन या फळझाडाच्या नर्सरीत येऊन पडलो. कलमं बांधायची, विकायची, आणि कुणाची झाडं आजारी पडली की जाऊन बघायची, हे माझं काम.

राउबकडच्या एका बागेतून बोलावणं आलं. मुसांग किंग या डुरियनच्या जातीची चार वर्षांची झाडं, एकाच ओळीतली अकरा सुकत चाललेली. मालक वयस्कर चिनी गृहस्थ. इथे अशांना सगळे अंकल म्हणतात, मीही. कुणीतरी त्यांना खत कमी पडतंय म्हणून सांगितलं, यांनी दुप्पट ओतलं. झाडं आणखीच बसली.

डुरियनच्या पानाची खालची बाजू तांबूस सोनेरी असते, वारा आला की अख्खं झाड चमकतं. ही पानं निस्तेज लोंबत होती. बुंध्याशी उकिडवा बसलो. सालीवर ओला डाग, चहा सांडल्यासारखा, आणि त्यातून तपकिरी पाझर. चाकूने खरवडलं. निरोगी साल आतून पांढुरकी निघते. इथे गडद तपकिरी. हे तर मी लहानपणापासून बघत आलोय! आमच्याकडे याला डिंक्या म्हणतात. संत्र्यावर काय नि डुरियनवर काय, करणारी फायटोफ्थोराच, मातीत राहणारी बुरशीसारखी सूक्ष्म जात. पाणी साचलं की तिचे बीजाणू खरोखर पोहत मुळांपर्यंत जातात.

रोग कळला, पण एकाच ओळीत का? मी औषधाचाच विचार करत होतो. सहज बाबांना फोटो पाठवला. डुरियन त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. लगेच फोन.

"लेका, जोड दिसून नाही राह्यला. मातीत गेला असन. मोकळा कर आधी."

हाताने उकरलं. चार बोटं, मग वीतभर, तेव्हा कुठे कलमाचा जोड लागला. डोंगर कापून पायऱ्या केलेल्या, वरच्या पायरीची माती पावसात वाहून नेमकी या ओळीवर बसलेली, बुंध्याची साल ओल्या मातीत गाडलेली. अंकल काही बोलले नाहीत, स्वतःच फावडं घेऊन आले.

बुंधे मोकळे केले, पाण्याला चर काढून दिला, खत बंद. सडकी साल निरोगी भाग लागेपर्यंत तासून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट, आणि खोडात फॉस्फोनिक आम्लाची इंजेक्शनं. तासलेली साल बागेत टाकू दिली नाही, जाळायला लावली. तीन झाडांची साल चहूबाजूंनी गेलेली, ती उपटावीच लागली. बाकी आठांपैकी सहांना पुढे नवी पालवी आली.

त्या तिघांच्या जागी कलमं द्यायची म्हणून रात्री नर्सरीत परतलो आणि टॉर्च घेऊन निवडायला गेलो. पहिलीच पिशवी उचलताना अडली. जोर लावला तशी कट्‌कन तुटून हातात आली. तळाच्या भोकांतून मुळं ओल्या जमिनीत उतरली होती. सगळा वाफा तसाच, गटाराला लागून, आणि पिशव्या मांडलेल्या मीच.