सिम्युलेटर श्वास घेतो तेव्हा

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे, हातात मावणारं ईसीजी यंत्र बनवतो. आत एकच लिथियम सेल. भरलेला असताना ४.२ व्होल्ट, उतरला की ३ च्या आसपास. त्यातून बक-बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज गरजेप्रमाणे कमी किंवा जास्त करणारं सर्किट, ३.३ व्होल्ट काढतो आणि सगळं त्याच रेलवर, म्हणजे पुरवठ्याच्या लाइनवर, चालतं. एका डॉक्टरांची तक्रार आली: "बॅटरीवर घेतलेल्या पट्टीत बेसलाइन वरखाली होते, चार्जर लावला की सरळ."

ईसीजीत बेसलाइन, म्हणजे ठोक्यांमधली सपाट रेघ, हलणं काही नवीन नाही. पेशंट मोठा श्वास घेतो, इलेक्ट्रोडची जेल सुकलेली असते, केबल ताणली जाते. सर्व्हिसच्या मुलाने फोनवर नेहमीचं सांगितलं: इलेक्ट्रोड बदला, पेशंटला शांत झोपू द्या. डॉक्टर भडकले. "श्वास कसा दिसतो ते मला शिकवू नका." यंत्र कुरिअरने परत आलं.

मी त्याला पेशंट सिम्युलेटर, म्हणजे हृदयाचे खोटे सिग्नल देणारा डबा, जोडला. ठोके मिनिटाला ६०, आर-वेव्ह (ठोक्याचं उंच टोक) १ मिलिव्होल्ट. सुरुवातीला रेघ स्वच्छ होती. थोड्या वेळाने बॅकलाइट आपोआप विझला आणि त्यानंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये बेसलाइन हळूहळू वर, हळूहळू खाली. उंची अर्धा छोटा चौकोन, म्हणजे कागदावर अर्धा मिलिमीटर, सिग्नलमध्ये ०.०५ मिलिव्होल्ट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एसटी सेगमेंट (ठोक्याच्या उंच टोकानंतरचा सपाट भाग) १ मिलिमीटर वर गेला की डॉक्टरांचे कान टवकारतात, आणि इथे अर्धा मिलिमीटर आम्हीच घालत होतो. सिम्युलेटरला फुप्फुसं नसतात, तेव्हा श्वासाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. बटण दाबून बॅकलाइट लावला, रेघ सरळ. चार्जरवर बॅकलाइट विझतच नाही, म्हणून तिथे दोष दिसत नव्हता.

मग स्कोप, व्होल्टेजचा आलेख दाखवणारा. रिपल, म्हणजे पुरवठ्यातली बारीक लहर, बघायचा असेल तर प्रोबची ती लांब क्रोकोडाइल क्लिप आधी काढून ठेवायची. त्या वायरचा फेरा आजूबाजूचं सगळं चुंबकीय क्षेत्र गोळा करतो आणि नसलेले स्पाइक दाखवतो. अर्धे रिपल-रिपोर्ट त्या क्लिपचेच असतात असं माझं मत आहे. टोकाला छोटी ग्राउंड स्प्रिंग लावली, आउटपुट कपॅसिटरच्या दोन टोकांवरच टेकवली, एसी कपलिंग, बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ. बॅकलाइट चालू असताना रेल जवळजवळ सपाट. बंद केला की ५० मिलिव्होल्टचे करवती दात, साधारण दर अर्ध्या मिलिसेकंदाला एक.

बॅकलाइट विझून लोड कमी झाला की हा कन्व्हर्टर सतत स्विच करणं सोडतो आणि पॉवर-सेव्ह मोडमध्ये जातो: थोडे पल्स मारायचे, थांबायचं, व्होल्टेज उतरलं की पुन्हा मारायचे. एरवी २.४ मेगाहर्ट्झवर असणारा रिपल आता २ किलोहर्ट्झवर आला होता. आमचं सॅम्पलिंग, म्हणजे सिग्नल मोजणं, सेकंदाला ५०० वेळा; २००० त्याच्या बरोबर चौपट. रिपल २००० हर्ट्झच्या किंचित बाजूला, समजा २०००.३ वर असला, तर सॅम्पलमध्ये तो ०.३ हर्ट्झची लाट होऊन उतरतो, आणि माणसाचा श्वासही साधारण तेवढाच संथ. बॅटरी उतरेल तशी ही वारंवारता सरकते. म्हणून लाट कधी संथ, कधी भरभर, कधी नुसती जाड रेघ.

पण सिग्नलच्या वाटेवर १५० हर्ट्झचा फिल्टर होता की! २ किलोहर्ट्झ त्यातून येणं शक्य नव्हतं. तो एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) रेफरन्समधून, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून ती मोजते त्या व्होल्टेजमधून, येत होता. पैसे वाचवायला रेफरन्सची पिन सरळ ३.३ व्होल्टच्या रेलला जोडलेली. ३.३ व्होल्टमध्ये ५० मिलिव्होल्ट म्हणजे दीड टक्का. सिग्नल १.६५ व्होल्टवर बसलेला, त्याचा दीड टक्का २५ मिलिव्होल्ट, गेन (सिग्नल वाढवण्याचा पट) ५००, भागिले केलं की बरोबर ०.०५ मिलिव्होल्ट. हिशोब जुळला तेव्हा मी चहा मागवला.

सोल्डरिंगवाल्या काकांचा उपाय ठरलेला: "मॅडम, कपॅसिटर वाढवू." वाढवले. दातांची उंची तीच, फक्त अंतर वाढलं. गच्चीवरच्या टाकीसारखंच आहे हे: टाकी मोठी केली तरी पंप फ्लोटच्या त्याच दोन खुणांवर चालू-बंद होणार, फक्त उशिरा. शिवाय मोठे सिरॅमिक लावल्यावर काका वाकून म्हणाले, "बोर्ड वाजतंय." खरंच बारीक शिट्टी येत होती. सिरॅमिक कपॅसिटर व्होल्टेजबरोबर किंचित आकसतो-फुगतो, आणि किलोहर्ट्झच्या घरात ते कानाला कळतं.

वरून दुसरी सूचना आली: ०.५ हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं संथ काढून टाकणारा फिल्टर) लावा, लाट बरीचशी जाईल. जाईलही. पण निदानाच्या ईसीजीत खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झ असते ती उगाच नाही. साधा ०.५ चा फिल्टर एसटी सेगमेंटच वाकवतो. मी नाही म्हटलं आणि त्यावर बरीच वादावादी झाली.

शेवटी दोन गोष्टी केल्या. रेफरन्स पिनचा ट्रॅक कापून तिथे २.५ व्होल्टची वेगळी रेफरन्स चिप बसवली आणि सॉफ्टवेअरमध्ये स्केल बदललं. कन्व्हर्टरची मोड पिन प्रोसेसरकडे दिली: रेकॉर्डिंग सुरू होताना सक्तीने पीडब्ल्यूएम (सतत स्विच करण्याचा मोड), संपलं की पुन्हा पॉवर-सेव्ह. पीडब्ल्यूएमला काही मिलिअॅम्पिअर जास्त लागतात, पण ईसीजीचं एक रेकॉर्डिंग १० सेकंदांचं, त्याने बॅटरीला काय फरक पडणार. उरलेल्या २.४ मेगाहर्ट्झसाठी अॅनालॉग भागाला एक फेराइट बीड (मेगाहर्ट्झ अडवणारा मणी) आणि त्यामागे कपॅसिटर. एलडीओचाही (स्विच न करणाऱ्या साध्या रेग्युलेटरचाही) विचार झाला होता. किलोहर्ट्झचा रिपल त्याने नक्की दाबला असता, मेगाहर्ट्झला मात्र तो बराच ढिला पडतो.

आता तपासणीच्या तक्त्यात बॅकलाइट बंद ठेवून रिपल मोजायची ओळ आहे. बॅटरी ३.३ च्या आसपास असतानाचीही, कारण इनपुट-आउटपुट सारखे झाले की बक-बूस्ट मोड बदलताना पुन्हा अस्वस्थ होतो. ती रेफरन्स चिप काढून काही पैसे वाचतील का, असं खरेदी विभाग अधूनमधून विचारतो. मी त्यांना त्या डॉक्टरांचा नंबर देऊ का म्हणते.