शून्य खरं असतं

'मामा, हे एकदम बेसिक आहे,' एवढंच चिन्मयचं उत्तर, आणि पुढे तो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारा चेहरा. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. ही म्हणते, मुलं असंच लिहितात, मनाला कशाला लावून घ्यायचं. हिच्या मनाला काहीच लागत नाही. असो, तो वेगळा विषय.

विचारलं काय होतं मी? टाकीच्या मोटरचा प्रोग्राम लुआ नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे. गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर शून्य दाखवतोय, तरी 'इफ लेव्हल देन'च्या (लेव्हल खरी असेल तर) आतलं सगळं चालतं. असं का? दुसऱ्या भाषा, सी घ्या, पायथन घ्या, शून्य म्हणजे खोटं. लुआत मात्र खोटं ठरणारं दोनच: निल, म्हणजे काहीच नाही, आणि फॉल्स, म्हणजे सरळ खोटं. बाकी सगळं खरं, शून्यसुद्धा, रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, तोसुद्धा. हे आता कळलं, मॅन्युअलमधून, स्वतःचं स्वतः. आणि कळल्यावर पटलंही. शून्य शिल्लक असलेलं खातं आणि बंद झालेलं खातं यांतला फरक मला कोणी शिकवायला नको. चिन्मयने असं एका ओळीत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. बेसिक.

बेसिक आहे म्हणूनच तर विचारलं ना. अवघड असतं तर वाटेलाच गेलो नसतो. या वयात कोणाला विचारायचं म्हणजे आधी मेसेज लिहायचा, मग खोडायचा, जरा हुशारीचा वाटेल असा पुन्हा लिहायचा. ऑफिसात लोक माझ्या टेबलाशी यायचे... जाऊ दे.

बरं, खरंच बेसिक आहे का हे? 'नॉट लेव्हल == 0' हे कोणीही 'लेव्हल शून्य नसेल तर' असंच वाचेल. लुआ आधी 'नॉट लेव्हल' एवढंच उचलते. लेव्हलमध्ये आकडा आहे, म्हणजे ते खरं. त्याच्या उलट खोटं. मग ती बघते, हे खोटं आणि शून्य सारखे आहेत का? कधीच नसतात. एरर नाही, काही नाही, मोटर आपली गप्प. 'लेव्हल == 0'ला कंस घाला, नाहीतर ~= लिहा, म्हणजे 'सारखं नाही'. बाकीचं जग != लिहितं, इथे आपली लाटेसारखी खूण. स्ट्रिंगा जोडायला दोन टिंबं, पण 1..2 असं सलग लिहिलं की तो आकडाच बिघडलेला आहे म्हणून ओरडते; मध्ये जागा सोडली की मुकाट्याने 12.

मजा म्हणजे ही भाषा 1993 मध्ये रिओच्या विद्यापीठात तिघांनी केली, ती पेट्रोब्रास या तेलकंपनीतल्या लोकांसाठी. त्यांतले बरेचसे इंजिनिअर, भूगर्भवाले. प्रोग्रामिंग हा त्यांचा धंदा नव्हे. म्हणजे आमच्याच जातकुळीतले. त्यांनाही शून्याने छळलं असेल. हे वाचल्यावर जरा बरं वाटलं, आणि चहा पुन्हा गरम करून प्यायलो.

मग चिन्मयनेच मागे लिहून दिलेला सरासरीचा तुकडा उघडला. सेन्सरची पाच रीडिंग टेबलात, म्हणजे लुआच्या यादीत, ठेवायची, बेरीज करायची, भागायचं. पठ्ठ्याने सवयीने पहिलं रीडिंग शून्याच्या घरात ठेवलंय. लुआ मोजते एकपासून. यादीतलं एकेक घर घेत जाणारी आयपेअर्सची फेरी एकपासूनच सुरू होते, # लावलं की लांबीही चारच येते. बेरीज चारांची, भागाकारही चारनेच, त्यामुळे उत्तर इतकं व्यवस्थित येतं की कोणाला शंका येऊ नये. पहिलं रीडिंग बिचारं शून्याच्या घरात बसून आहे, त्याला कोणी विचारत नाही.

त्याला कळवावं म्हणून फोन हातात घेतला होता. मग म्हटलं राहू दे. टाकी तर भरतेच आहे, आणि त्याची परीक्षा चालू आहे.